कुलूपबंद भाता

एट्ल मास्तरांनी रचलेल्या मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीची गाणी, आता म्युनिकपर्यंत गातात, पण त्यांचा ऑर्गन आमच्याच चर्चमध्ये. ऑर्गनच्या मागच्या खोलीत लोरेन्झने बावीस वर्षं पायाने त्याला हवा देणारा भाता तुडवला. हवा भरली की तो आतून लाकडावर दोनदा टकटक करायचा. मग मास्तर वाजवायला घ्यायचे.

मंगळवारी सकाळी लोरेन्झचीच अंत्यमिस्सा झाली. मास्तरांनी ती मुद्दाम त्याच्यासाठी लिहिली होती. आम्ही बाराजण गायलो. ऑर्गन कुठेही कमी पडला नाही. शवपेटी बाहेर गेल्यावर मास्तरांनी घाम पुसत विचारलं, "किलियान, आज भात्यावर कोणाला उभं केलं होतंस रे?"

"मी? मला वाटलं, तुम्हीच कोणाला तरी सांगितलंय."

"गाढवा, मी सूर लिहू की माणसं शोधू?"

मी मागे जाऊन पाहिलं. दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि त्याची किल्ली लोरेन्झच्या बायकोने शवपेटीत त्याच्या अंगावरच्या कोटाच्या खिशातच राहू दिली होती. मी तसं सांगितलं.

पानं गोळा करताना मास्तरांचं कोपर पट्ट्यांवर पडलं. सूर उमटला नाही. भाता रिकामा होता.

मग आतून लाकडावर दोनदा टकटक झाली, आणि मास्तरांचे हात सवयीने पट्ट्यांकडे गेले.