सराव संपला
प्लेनो शहरातल्या घरी संगणकावर हेरंब पिस्तूलवाल्यांच्या फोरमवर एका नवख्याला समजावत होता: “रिकाम्या पिस्तुलाने सराव झाला, की मोठ्याने म्हण, ‘सराव संपला’. मग गोळ्या भर, पण परत नेम धरू नकोस. घरातल्या भिंती गोळी अडवत नाहीत.” भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातून त्याची बायको मृणाल ओरडली, “अरे, तीन शिट्ट्या झाल्या की जेवायला ये!” “आलोच.” ‘सराव संपला’ म्हणत त्याने स्वतःच्या पिस्तुलातही गोळ्या भरल्या. पण स्वतःच्या मघाच्या सरावातला शेवटचा नेम हललेला खुपत होता. एकदाच, म्हणून उठून त्याने त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला आणि सवयीने चाप ओढला. कॅलेंडरला भोक पडलं. तो स्वयंपाकघरात धावला. मृणालच्या गळ्यातून उसळणारं रक्त त्याने दोन्ही हातांनी दाबून धरलं. फोन संगणकापाशी राहिला. कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली. गॅस बंद करायला हात मोकळे नव्हते.