फेलिसिदादचा प्रचार

नवं बंदर झालं तर मालवणजवळचा त्यांचा अख्खा वाडा उठणार होता, म्हणून रोझारियो मास्तर खासदारकीला अपक्ष उभे राहिले. अर्ज मागे घ्यायची मुदत टळल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं, की बंदर आणणारा उमेदवार आणि बंदराला विरोध करणारे चिंदरकर यांच्यातली लढत अटीतटीची आहे आणि मास्तरांना पडणारं प्रत्येक मत चिंदरकरांचं कमी होऊन बंदरवाल्याच्याच पथ्यावर पडणार आहे. पण मास्तरांना हे सांगणार कोण?

शेवटी त्यांची बायको फेलिसिदादच घरोघर फिरली. "आमच्या मास्तरांक मत घालू नकात. चिंदरकरांक घाला. बंदरवालो पडाक होयो."

मास्तरांच्या कानावर गेलंच. "दुसऱ्या कोणी सांगितल्यान असता तर चालला असता," ते म्हणाले. "पण तू गो?" त्यानंतर मतदानापर्यंत नवराबायको एकमेकांशी बोलले नाहीत.

निकालाच्या दिवशी बंदरवाला अगदी थोडक्यात पडला. वाड्याच्या केंद्रावर मास्तरांना एकच मत होतं.

मास्तर मतमोजणीवरून घरी आले. फेलिसिदादने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"निदान तुमी तरी स्वतःक मत दिलात," ती हळूच म्हणाली. "बरां केलात."

"मियां चिंदरकरांक घातलंय," मास्तर म्हणाले. "तुझा आयकलंय."

फेलिसिदादने मान खाली घातली.

"मशीनवर तुमचा नाव दिसला," ती म्हणाली, "आणि माझा बोट दुसरीकडे जायनाच."