एकोणीसजणी

‘डिलीट’ दाबल्यावर प्रितीच्या लक्षात आलं, डिस्कच्या उरलेल्या भागात फक्त अकरा जीबी जागा रिकामी आहे.

म्हणजे तो जुना, गच्च भरलेला विंडोजचा भाग. उडवायचा होता तो. उडाला दुसराच.

रविवारी सकाळी परळच्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत ती आणि शामराव सोडले तर कुणी नव्हतं. तिथला एकुलता एक कॉम्प्युटर चार दिवस सुरूच होत नव्हता. प्रिती ऑफिसात हेच काम करायची, म्हणून विंडोज नव्याने टाकायला आली होती. ‘या ठिकाणी टाकता येत नाही’ असंच इन्स्टॉलर सांगत राहिला, तेव्हा तिने जुना भाग उडवायचं ठरवलं. पडद्यावर दोन भाग दिसत होते, जवळपास सारख्याच आकाराचे. नाव कशालाच नाही. शामरावांच्या फाइली होत्या त्या भागाला हात लावायचाच नव्हता, म्हणून तिने त्या आधी काढूनही ठेवल्या नव्हत्या.

शामराव मागे बाकावर बसले होते. गिरणी संपात घर चालवलेल्या एकोणीस बायकांना त्यांनी बोलतं केलं होतं. तीन वर्षं दोन बोटांनी ते सगळं टाइप केलं होतं. त्यातल्या सहाजणी आता नव्हत्या.

“होतंय ना गं, बाळा?”

“हो काका. बघतेय.”

डिस्क जुनी होती, गेली. एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं.

ती बाहेर गेली आणि ऑफिसातल्या विक्रांतला फोन लावला. तो एकच विचारत होता, “त्यानंतर काही टाकलंस त्यावर?”

“नाही.”

“मग फाइली तिथेच असतील. फक्त पत्ता पुसलाय. मशीन बंद कर, स्कॅन मार. मिळेल बहुतेक.”

“बहुतेक?”

“प्रिती, आधी बंद कर ना यार.”

आत येऊन तिने कॉम्प्युटर बंद केला. मग खुर्ची वळवली.

“काका, माझ्या हातून तुमचा भाग उडाला. डिस्कची चूक नाही. माझी.”

शामरावांनी चष्मा काढला.

“सगळं?”

“शोधते. मिळेल असं वाटतंय.”

“मीराबाई आहे अजून,” ते स्वतःशीच म्हणाले. “ती सांगेल परत. पण द्रौपदी, ठमाबाई...” पुढची नावं त्यांनी घेतली नाहीत.

बॅगेतला दुसरा पेनड्राइव्ह लावून प्रितीने त्यावरूनच कॉम्प्युटर चालू केला आणि स्कॅन सुरू केलं. नऊ टक्के. बावीस. चाळीसवर पाच मिनिटं अडकलं. खालून कुणीतरी चहा आणून ठेवला. दोघांनीही तो घेतला नाही.

एकसष्ट टक्क्यांवर उडालेल्या भागाची एक ओळ उमटली. प्रितीने ती उघडली. आत फाइली होत्या, प्रत्येकीला एका बाईचं नाव. शामराव पडद्याला बोट लावून मोजत गेले.

“एकोणीस,” ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

तिने सगळं दोन पेनड्राइव्हवर उतरवलं. एकेक फाइल उघडून पाहिली. मग बॅग उचलली.

“विंडोज टाकायला मी दुसऱ्या कुणाला पाठवते, काका.”

“का? तू आलीयस ना?” त्यांनी स्टूल ओढून तिच्या शेजारी घेतलं. “फक्त आता काय लिहिलंय ते मोठ्याने वाच. मी ऐकतो.”

पुन्हा इन्स्टॉलरचा तोच पडदा आला. प्रितीचा आवाज पहिल्याच आकड्याला अडखळला.

“सावकाश,” शामराव म्हणाले. “घाई नाही.”