निळी ओळ

मेलेली यांगजा कालवांची बादली घेऊन फाटकातून आत आली आणि ओरडली, "हात चालवा की गं! अजून दोनशे गड्डे पडलेत."

अंगणात चार बायका गोल करून बसल्या होत्या, कोपरापर्यंत मिरचीच्या वाटणात. चौघींनी पहाटेच रडून घेतलं होतं. मिठात मुरलेला कोबी थांबत नाही, म्हणून आधी किमची उरकायची आणि संध्याकाळी यांगजाच्या अंत्यदर्शनाला जायचं, असं पिलनामनं ठरवलं होतं. घर तिचं, कोबी तिचा. पंचाहत्तरी उलटली तरी गावात वाटणाची चव तीच ठरवायची.

"तू मेलीस ना?" पिलनाम म्हणाली.

"कधी?"

"आज पहाटे. तुझ्याच फोनवरून आलं."

यांगजानं बादली खाली ठेवली. "माझा फोन तर परवापासून तापलाय. पार्सल आलंय म्हणून काहीतरी आलं होतं, ते दाबलं. तेव्हापासून ऐकतच नाही मेला. घरीच ठेवून आले."

"आणि आम्ही इथं तुझ्या नावानं नाकं पुसतोय," जोमदोक म्हणाली. ती चौघींत धाकटी, म्हणजे अडुसष्टची. "पिलनामअक्कानं तर मयतीला द्यायच्या पैशांचं पाकीटसुद्धा भरून ठेवलंय तुझ्यासाठी."

"मग द्या की आत्ताच. मेल्यावर मला काय उपयोग?"

हसणं झालं. पिलनाम हसली नाही. यांगजाच्या बातमीखाली एक निळी ओळ होती. दर्शन कुठल्या हॉलमध्ये ते बघायला तिनं ती दाबली होती. हॉल उघडला नाही. नुसतं गोल फिरत राहिलं, मग काहीतरी विचारलं, तिनं 'हो' म्हटलं. गावातली एकही मयत तिनं चुकवली नव्हती. यांगजाची चुकवणार होती काय?

"आधी फोन करून विचारायचं तरी," यांगजा म्हणाली.

"मेलेल्या माणसाला फोन कोण करतं गं?"

तेवढ्यात ओट्यावर फोन वाजला. टिंग. मग त्याच्या शेजारचा. मग तिसरा. बायकांनी आपापले फोन वाटण लागू नये म्हणून तिथं ओळीनं मांडून ठेवले होते. एकटा पिलनामचा गप्प होता.

जोमदोकनं दातानं हातमोजा ओढून काढला आणि फोन लांब धरून वाचलं. "पिलनाम यांचं नुकतंच निधन झालं. अंत्यदर्शनाचं ठिकाण खाली." तिनं मान वर केली. "अक्का, तुमचा नंबर लागला."

"मीठ जास्त पडलं असेल," यांगजा म्हणाली.

आता पिलनामही हसली. हसता हसता मध्येच थांबली.

"हे कुणाकुणाला गेलं?"

"माझ्या फोनवरून तर सगळ्यांना गेलेलं दिसतंय," यांगजा म्हणाली. "जेवढे नंबर आत, तेवढ्यांना."

तेसोक. पिलनामचा मुलगा पहाटेच सोलहून निघाला होता, आपल्या वाटणीची किमची न्यायला. तासापूर्वी महामार्गावरच्या थांब्यावरून त्याचा फोन आला होता. धुकं फार आहे आई, सावकाश येतो. डुकराचं मांस शिजत ठेव, पहिला घास मला.

पिलनामनं हातमोज्यासकट फोन उचलला. काचेवर लाल बोटं उमटली. फोन चुलीजवळच्या दगडासारखा गरम होता. तिनं मुलाचं नाव दाबलं. ते आपोआप मिटलं. पुन्हा दाबलं. पुन्हा मिटलं. मग पडदा आपला आपण सरकायला लागला. कुणीतरी तिची नावं एकेक करून चाळत होतं. तेसोक फोन करत असेल, तर तोही असाच मिटत असणार.

"माझ्यावरून लावा," जोमदोक म्हणाली. "नंबर सांगा."

पिलनामनं तोंड उघडलं. शून्य एक शून्य, आणि पुढे काही आठवेना. शेजारच्या तीन गावांतल्या सगळ्या घरांचे जुने नंबर तिला पाठ होते. मुलाचा नव्हता.

"कुठंतरी लिहिलेला असेल की!"

लिहिलेला होता. कापणीच्या सणाला तेसोक आला होता, तेव्हा त्यानं जाड अक्षरांत कागद लिहून फ्रिजवर चिकटवला होता. निळी ओळ दाबायची नाही, ओळखीच्याकडून आली तरी नाही. आधी माणसाला फोन. फोन बिघडला तर शेजारून ह्या नंबरावर. "मला शिकवतोस?" ती म्हणाली होती. "मी माणसं ओळखते." दोन महिने तो कागद तिच्या डोळ्यांत खुपत राहिला. आज सकाळी कढईखालचा जाळ धरेना, तेव्हा तिनं तो उपटून त्यात घातला.

कढईत मांस रटरटत होतं.

ओट्यावर एक फोन परत वाजला, कुणीतरी कुणाचं तरी सांत्वन करत असणार. पिलनाम उठली. गुडघे धरत फाटकाबाहेर गेली.

"अक्का, हात तरी धुवा!"

तळ्याच्या बांधावरचा रस्ता धुक्यात दहा पावलांपुढे दिसत नव्हता. बांध संपतो तिथं वळण आहे. ती वळणापर्यंत गेली. पलीकडून गाडीचा आवाज येत होता. तेसोकची गाडी ती आवाजावरून ओळखायची, पण ती अशी कधी धावत नसे.

आवाज वाढत चालला. पिलनाम रस्त्याच्या मधोमध गेली आणि दोन्ही लाल हात वर करून उभी राहिली. आई जिवंत आहे, हे त्याला लांबूनच दिसायला हवं होतं.