पांढरी बशी

“तळ दिसतोय का?” रावसाहेबांनी काठावरून विचारले.

निरुपमाने पाण्यात डोके घालून पाहिले. हौदाच्या खोल बाजूला, फरशीवर, पांढरी बशी होती. तिच्या कडेची निळी वेलसुद्धा ओळखू येत होती.

“दिसतोय, रावसाहेब.”

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि ते शेजारच्या विटांच्या टाकीकडे वळले. टाकीत खाली खडी होती, वर वाळू. पंपाने हौदातले पाणी तिच्यात चढे आणि वाळूतून झिरपून पुन्हा हौदात उतरे. वाळूवर तपकिरी, बुळबुळीत थर धरला होता. धोतर खोचून रावसाहेब पत्र्याच्या पट्टीने तो वरच्यावर खरवडू लागले.

“इकडे ये, बघून ठेव. पाणी अडायला लागलं की एवढंच काढायचं, नखभर. खालचं हलवायचं नाही. का, ते सांगतो...”

“उद्या सांगा, रावसाहेब. शाळेत पहिलाच तास माझा आहे.”

“चालेल,” ते म्हणाले.

त्या दुपारी जेवून ते आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

दिनकरराव राज्याच्या पाणीखात्यात इंजिनियर होते. सगळे बडोदे त्यांना रावसाहेब म्हणे. निरुपमाही तेच म्हणे. तिचे वडील ती लहान असताना वारले होते. आईचा पुनर्विवाह झाला आणि ती या घरात आली, तेव्हा कुणीतरी तिला पुढे ढकलून म्हटले होते, “बाबा म्हण.” तिने थोडा विचार करून पट्टेवाल्यासारखे “रावसाहेब” म्हटले होते. दिनकररावांनी वाकून “जी” असे उत्तर दिले होते आणि सगळे हसले होते. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

पुनर्विवाह राज्याने कायद्याने मान्य केला होता. दिनकररावांचे थोरले भाऊ तात्यासाहेब यांनी तो मानला नव्हता. लग्नाला ते आले नव्हते. दिवसांना मात्र नवसारीहून आले.

सुतक फिटले त्या दिवशी घर धुऊन काढले. अंथरुणे, भांडी, देवघर, सगळे. निरुपमा रडली नव्हती. ती सकाळपासून हाताला काम शोधत होती. धुवायचे काही उरले नाही तेव्हा तिचे लक्ष टाकीकडे गेले. त्यांची एवढी जपलेली वाळू तेवढी ओवळी का राहावी? तिने माळ्याला घेऊन ती सगळी उपसली, घमेल्याघमेल्याने धुतली आणि चकचकीत करून परत भरली.

दुसऱ्या दिवसापासून हौद गढूळ होऊ लागला. मग हिरवट झाला. बशी दिसेनाशी झाली.

तात्यासाहेब काठावर उभे राहिले आणि त्यांनी नाकाला उपरणे लावले.

“पूरी नाखो,” ते गुजरातीतच म्हणाले. “बुजवून टाका, वहिनी. डास होतील. मी जायच्या आत गाडीभर माती मागवतो. आमच्या दिनकरनं जन्मभर राज्याला पाणी पाजलं आणि घरी येऊन वाळूची चाकरी केली. पोहणारा गेला, आता हौद कुणासाठी ठेवायचा?”

“पोहणारा?” आई प्रथमच मान वर करून बोलली. “त्यांना कुठं पोहता येत होतं, भाऊजी? गुडघ्याच्या वर पाण्यात उतरले नाहीत ते कधी.”

“मग हे खूळ कशाला?”

आईने निरुपमाकडे पाहिले. “तुला आठवत नाही. तुझे वडील चांदोदला पुराच्या पाण्यात गेले. गढूळ पाणी, सापडलेच नाहीत. पुढं तू तळ दिसत नाही अशा पाण्याला हात लावायची नाहीस. भरलेल्या बादलीपाशी रडायचीस. यांनी पहिल्या वर्षीच हा हौद बांधला. मी म्हटलं, पोरीला पाण्याची भीती आणि तुम्ही अंगणात पाणी साठवता? तर म्हणाले, तळ दिसला की भीती जाईल. बशी टाकली आणि रोज तुला विचारायला लागले.”

निरुपमाने पाण्याकडे पाहिले. रोज सकाळचा तो प्रश्न तिला इंजिनियरची तपासणी वाटत आली होती.

“मी वाळू बिघडवली, आई.”

“बिघडवली नाहीस. धुतलीस. ती घाणच पाणी गाळते, म्हणायचे. धुतलेल्या वाळूवर तो थर पुन्हा धरायला वेळ लागतो. तोवर येईल ते पाणी परसातल्या केळींना सोडायचं आणि घाई करायची नाही.”

“माती मागवू नका, तात्यासाहेब,” निरुपमा म्हणाली.

“पावसाळ्यापर्यंत बघीन,” ते म्हणाले आणि पानाचा डबा उघडून बसले. निघताना त्यांनी डासांसाठी कडुनिंबाची धुरी करायला मात्र बजावले.

ती रोज शाळेला जाण्याआधी पंप चालवी आणि गढूळ पाणी केळींकडे सोडी. हौदात विहिरीचे नवे पाणी घेई. वाळूला हात लावायचा मोह ती आवरी. बरेच दिवस काही झाले नाही. मग एका सकाळी वाळूवर पुसट तपकिरी छटा दिसली. पुढे ती बोटाला बुळबुळीत लागू लागली. पाण्याचा हिरवटपणा उतरत गेला. केळी मात्र भलत्याच माजल्या.

उन्हाळा संपता संपता ती एका सकाळी पाण्यात उतरली. खोल बाजूला गेली, डोके आत घातले आणि डोळे उघडले. खाली पांढरे काहीतरी होते. थोडे थांबल्यावर त्याच्या कडेची निळी वेल दिसली.

ती वर आली. टाकीपाशी पत्र्याची पट्टी भिंतीला टेकवलेली होती, त्यांनी ठेवली होती तशीच. काठावर कुणी नव्हते. कुणी विचारलेही नव्हते.

“तळ दिसतोय,” ती मोठ्याने म्हणाली. “दिसतोय, बाबा.”