तुकड्यांवरून
तेरखेड्याच्या घरात अर्पिता सकाळपासून येरझाऱ्या घालत होती. दोन जड आणि दोन हलके क्वार्क, म्हणजे पदार्थाचे अतिसूक्ष्म मूलकण, मिळून एक नवा कण बनतो, असं गणित तिनं पाच वर्षं खपून मांडलं होतं. तो प्रयोगात सापडला का, हे आज फोनवर कळणार होतं. आई मशीनवर झबलं शिवत होती. फटाक्यांच्या शेडमधल्या स्फोटात वडील गेले, तेव्हापासून तिनं दारूकाम सोडलं होतं. "टेक की जरा. किती टिकतो तुझा कण?" "पापणी लवायच्या आत फुटतो." "मग व्हता हे कळतं कसं?" "तुकड्यांवरून. तुकडे जुळवले की कळतं, काय फुटलं ते." मशीन थांबलं. आईची नजर वडलांच्या फोटोखालच्या काच फुटलेल्या घड्याळावर गेली. त्यांची ओळख त्यावरूनच पटली होती. "सगळे तुकडे सापडतेत का गं?" अर्पिता तिच्यापाशी खाली बसली. हातातला फोन वाजत राहिला.