डॉक्टरांचं बटण

धाकटीला मरायची परवानगी मिळाली, ही बातमी मोठीला सकाळच्या चहाबरोबर कळली. तिने चहा तसाच ठेवला.

आजार दोघी बहिणींना एकच, हाडांचा, घराण्यात चालत आलेला. पण मोठीला तो आधी झाला होता. अर्जही तिनेच आधी केला होता. तिचा अर्ज डॉक्टरांच्या मंडळाने फेटाळला, आणि मागून आलेली धाकटी रांग मोडून पुढे गेली.

"लहानपणापासून हेच," मोठी शेजारच्या पलंगावरून म्हणाली. "तू भिंतीकडे तोंड करून रुसायचं, आणि सगळ्यांनी तुला हवं ते हातात आणून द्यायचं."

"रुसले नव्हते गं ताई. मंडळासमोर मला बोलवतच नव्हतं." धाकटी भिंतीलाच सांगत होती.

"मला बोलवत होतं. तेच नडलं."

खरं तर बटण नडलं होतं. मोठीने जन्मभर लोकांचे कपडे शिवले. मंडळाने वेदनेबद्दल, झोपेबद्दल, इच्छेबद्दल विचारलं ते सगळं तिने नीट सांगितलं. पण समोरच्या डॉक्टरांच्या कोटाचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं आणि तिची नजर काही हलेना. शेवटी न राहवून "या इकडे," म्हणत तिने पर्समधली सुई काढली आणि कोट अंगावर असतानाच बटण लावून दिलं. बोटं वाकडी झालेली, टाके सरळ. मंडळाने एकमताने निकाल दिला: जगण्यात रस शिल्लक आहे.

तेच डॉक्टर आता आत आले. कोट तोच, बटण जागच्या जागी. शेवटचा प्रश्न जवळच्या नातेवाइकासमोर विचारायचा, असा नियम होता. जवळची नातेवाईक हातभर अंतरावर धुमसत बसली होती.

"आजी, तुमचा निर्णय पक्का आहे ना?"

"हो," धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली.

"कुणाचा दबाव?"

"नाही."

"आणि माझं काय?" मोठीने विचारलं.

"तुमचं पुढच्या वर्षी बघू, आजी."

"दुखतं मला, आणि रस किती उरला ते मोजणार तुम्ही?"

"नीट खात्री केल्याशिवाय आम्हाला कुणाला सोडता येत नाही."

"सोडता? मी काय तुमच्या दावणीची म्हैस आहे?"

डॉक्टर समजूत काढायला खाली वाकले. तेवढ्यात मोठीने उशीखालची कात्री काढली आणि बटण कचकन कापलं. मग ते त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"घ्या. शिवलेलं उसवलं. आता द्या परवानगी."

डॉक्टर एकदा बटणाकडे बघत राहिले, एकदा कोटाकडे. मग भिंतीकडून खुसखुस ऐकू आली. धाकटीचं पांघरूण हलत होतं. बरगड्या दोन्ही हातांनी धरून, कळवळत, ती या कुशीवर वळली.

"अगं ताई... त्यांचं तोंड बघ गं!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हसू काही थांबेना.

डॉक्टर आता बटणाकडे बघत नव्हते. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"आजी, तुम्ही हसलात."

धाकटीने हसू गिळलं आणि झटकन भिंतीकडे तोंड केलं.

"खोकला होता तो," ती म्हणाली.

"मंडळाला कळवावं लागेल."

मोठीने गार झालेला चहा उचलला आणि चवीने, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग सुईत दोरा ओवायला घेतला.

"या इकडे," ती डॉक्टरांना म्हणाली.